जनसुनावणीला आपण जायचं

आमचं गाव ताडोब्याच्या बाजूचं. मोहफूल, तेंदूपत्ता, सरपण, सगळं जंगलातून येतं. वाघाची भीती आहेच, पण जंगल गेलं तर आमची चूलही विझेल.

२००९ मध्ये ताडोब्याजवळच्या लोहारा कोळसा खाणीला चंद्रपूरकरांनी विरोध केला. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ती खाण नाकारली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यापासून १ किलोमीटरच्या आत खाणकाम नको.

त्याच्या पलीकडे मोठी खाण येणार असेल तर आधी जनसुनावणी होते. नोटीस किमान ३० दिवस आधी निघते. मागे एकदा आम्ही ती वाचलीच नाही. माणसं गेली, पण विहिरीच्या पाण्याचं कोणी बोललं नाही.

सुनावणीत बोललेलं लिहून घेतात आणि शेवटी मराठीत वाचून दाखवतात. आपला मुद्दा त्यात नसेल तर तिथंच उठून सांगायचं. तरीही मंजुरी मिळाली, तर ३० दिवसांत पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अपील करता येतं.

म्हणून आम्ही आता कर्जाच्या वहीसोबत नोटिशींच्या तारखांची वही ठेवतो. तुम्हीही ठेवा.