सेमाडोह येथे बिनतारी इंटरनेट : एक मागणे
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाने आम्हांस ‘विद्यार्थ्यांची प्रगती’ या विषयावर दोन शब्द बोलावयास सांगितले आहे. हा विषय दरवर्षी असतो, आणि दरवर्षी वक्ते पालकांना दोष देऊन खाली बसतात. आम्ही आज तसे करणार नाही. परतवाड्याच्या मंगल कार्यालयावर दुसरा मजला चढविण्याकरिता निधी राखून ठेवावा, असा ठराव दुपारच्या बैठकीत यावयाचा आहे. त्या निधीतून अगोदर सेमाडोहास बिनतारी इंटरनेटची सोय व्हावी, एवढेच आमचे मागणे आहे. त्याची कारणे आपणांपुढे ठेवतो.

१ मे १९८३ रोजी अमरावतीस विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा वऱ्हाडातील विद्यार्थ्यांची नागपूरची खेप टळली. आज त्या विद्यापीठाचा दरवाजा मोबाईलमध्ये आहे. प्रवेशाचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, निकाल आणि महाडीबीटीवरील शिष्यवृत्ती ही सर्व कामे तेथूनच होतात. अमरावतीत खोली घेऊन राहणारा मुलगा हे काम रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या करतो. तोच मुलगा दिवाळीला सेमाडोहास आला, की अर्जाच्या शेवटच्या तारखेसाठी त्यास एस. टी. ने परतवाडा गाठावे लागते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, त्या वर्षी मेळघाटातील मुले गुरुजींचा धडा उतरवून घेण्यासाठी टेकडीवर जाऊन बसलेली आम्ही पाहिली आहेत. आणि अभ्यासाचे राहू द्या. जानेवारी २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली, परंतु तिला बोलवावयास आधी फोन लागला पाहिजे. बाळंतिणीच्या घरी हा हिशेब फार निराळा असतो.

लहर येथे का पोचत नाही, हे शाळेतल्या भूमितीनेच समजते. पृथ्वी गोल असल्यामुळे चाळीस मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून सुमारे साडेबावीस किलोमीटरवर क्षितिज लागते. दर्यापूरकडील सपाट काळ्या रानात एवढ्यात कितीतरी गावे येतात. मेळघाटात मात्र मनोऱ्यासमोर पहिला डोंगर उभा राहतो आणि तेथेच हिशेब संपतो. त्यात झाडी. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, आणि त्याच नावाच्या नदीच्या खोऱ्यात आपले सेमाडोह वसले आहे. सागाचे रुंद पान पावसाने भिजले, की आखूड लहरींचा जोर पुष्कळ शोषून घेते. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे त्रेचाळीस सेंटीमीटर असते. ती डोंगराच्या कडेने थोडी वळते, झाडीतूनही बरी निभावते. वाय-फायची लहर पाच ते साडेबारा सेंटीमीटरची. ती खोलीत, अंगणात, किंवा समोरासमोर मोकळी दृष्टी असलेल्या दोन टोकांमध्येच चांगली चालते. यावरून लांबच्या कामास एक लहर आणि गावातल्या कामास दुसरी, अशी वाटणी करावी लागते.

ही वाटणी नवी नव्हे. हवाई बेटांवरील विद्यापीठासमोर अशीच अडचण होती. शाखा निरनिराळ्या बेटांवर, आणि मध्ये समुद्र. तेथील प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओलहरींवरून दूरच्या टोकांना होनोलुलूच्या संगणकाशी जोडले. आज आपला मोबाईल व वाय-फाय एकाच हवेत अनेकांना बोलू देतात, त्यामागील पुष्कळशी विद्या त्या प्रयोगापासून पुढे आली.

आता आपल्या घराजवळचे पाहू. याच धारणी रस्त्यावरील हरिसाल हे गाव २०१६ साली महाराष्ट्र शासन व मायक्रोसॉफ्ट यांनी डिजिटल गाव म्हणून निवडले. दूरचित्रवाणीच्या वापरात नसलेल्या लहरींवरून तेथे इंटरनेट आणण्याची योजना होती. पुढे २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी त्या गावाच्या स्थितीवरून जाहीर सभांत टीका केली आणि सरकारपक्षाने तिला उत्तर दिले. त्या वादात आपणांस शिरावयाचे नाही. आम्हांस त्यातून एकच प्रश्न घ्यावयाचा आहे : उद्घाटनाची पाहुणेमंडळी परत गेल्यावर यंत्राकडे रोज कोण पाहणार?

पालघर जिल्ह्यात या प्रश्नाचा विचार आधीच झाला होता. मुंबईच्या आयआयटीचे प्राध्यापक अभय करंदीकर व त्यांचे सहकारी यांनी ‘ग्राम मार्ग’ या नावाने तेथील खेड्यांत अशाच मोकळ्या लहरींचा प्रयोग केला. लांबचा पल्ला त्या लहरींनी गाठावयाचा आणि गावात वाय-फायने वाटप करावयाचे, अशी ती रचना. त्यांनी ग्रामपंचायतीस भांडवलात आणि गावच्या तरुणास देखभालीत ओढले. २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत त्यांस सव्वा लाख डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले. आमच्या मते बक्षिसाहून तो गावचा तरुण अधिक मोलाचा.

कोणी म्हणेल, हे तर सरकारचे काम. खरे आहे, आणि सरकार ते करीतही आहे. संपर्काबाहेरील २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची ४जी योजना केंद्राने २७ जुलै २०२२ रोजी मंजूर केली. परंतु मनोरा उभा राहिला तरी महिन्याचे पैसे भरू न शकणाऱ्या घरातील मुलगी कोठे बसणार? तिला उजेडाची, टेबलाची, दार उघडे असलेली एक जागा हवी. नेमक्या अशा जागेसाठी केंद्राने ९ डिसेंबर २०२० रोजी पीएम-वाणी योजना मंजूर केली. तीत किराणा दुकानदारही परवान्यावाचून सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो. मूळ जोडणी दोन तऱ्हांनी घेता येते : ग्रामपंचायतीपर्यंत येणाऱ्या भारतनेटच्या तारेवरून, किंवा उंच छपरावर मनोऱ्याकडे तोंड करून बसविलेल्या अँटेनाने. अस्तित्वात असलेल्या छपरावर अँटेना बसली, तर झाडही तोडावयास नको. व्याघ्र प्रकल्पात ही गोष्ट लहान नव्हे. वनजमिनीवर दूरसंचाराची तार न्यावयाची झालीच, तर २००६ च्या वनहक्क कायद्यात एक हेक्टरहून कमी जागेपुरती तशी तरतूद आहे. मात्र ग्रामसभेची शिफारस लागते. तेव्हा ग्रामसभेशी आपले बरे असले पाहिजे.

येथेच तो दुसरा आक्षेप येतो. पैसा ज्ञातीचा आणि उपयोग साऱ्या गावाचा, हे कसे? आम्हांस हा आक्षेप ऐकून नवल वाटत नाही. वसतिगृहाच्या वेळीही तो निघाला होता. लहरीस घराची पाटी वाचता येत नाही, हे एक उत्तर झाले. दुसरे असे, की सेमाडोहात आपली घरे मोजकी आहेत. कोरकू, गवळी आणि इतर शेजाऱ्यांची मुले त्या खोलीत आली नाहीत, तर यंत्र पाहण्यास नेमलेल्या मुलाचा महिना निघणार नाही आणि खोली वर्षाच्या आत बंद पडेल. आपल्या मुलांचे हित शेजाऱ्यांच्या मुलांत असे गुंतलेले आहे. बांधलेला मजला लग्नसराईपुरता भरतो. बाकीचे महिने तेथे गाद्या ठेवतात.

खर्चाचे एक अंग सांगितले पाहिजे. यंत्र स्वस्त, वीज महाग. श्रावणात वीज जाते तेव्हा सौरपट्टीही ढगाखाली असते, म्हणून बॅटरी मोठी घ्यावी लागेल, आणि ती काही वर्षांनी बदलावीच लागते. हे पैसे पहिल्याच दिवशी वेगळे काढले नाहीत तर कोणीही नंतर देणार नाही, हा सार्वजनिक कामांतला आमचा जुना अनुभव आहे.

यास्तव दुपारच्या ठरावास आमची उपसूचना अशी राहील. दुसरा मजला एक वर्ष पुढे ढकलावा. देखभालीस दोन तरुण नेमावेत, त्यांपैकी एक कोरकू बोलणारा असावा. बॅटरीची रक्कम बँकेत मुदतीने ठेवावी. खोली संध्याकाळी पाच ते नऊ उघडी असावी, आणि सात वाजेपर्यंत ती मुलींसाठी राखावी. रस्त्याकडील आपली खोली देण्यास येथील एका ज्ञातिबंधूंनी संमती दिली आहे. भाडे घेणार नाही असे ते म्हणतात. विजेचे बिल मात्र मंडळाने भरावे, अशी त्यांची अट आहे, आणि ती आम्हांस रास्त वाटते.