घरचा राऊटर : आधी वाचा, मग हात लावा



आपल्या साकोलीतही आज कितीतरी घरांत राऊटर आहे. ही पेटी म्हणजे लहानसा संगणकच. तिला चालविणारी आज्ञावली तिच्या पोटात असते. तिला फर्मवेअर म्हणतात. काही वर्षांनी कंपनी त्यात सुधारणा देणे थांबविते. पेटी चालत राहते, पण दोष तसेच राहतात आणि चोराला वाट मिळते. अशा वेळी पेटी फेकण्याऐवजी तिच्यात दुसरे फर्मवेअर घालता येते.

लिंकसिस कंपनीने २००२ साली ‘डब्ल्यूआरटी ५४जी’ हा राऊटर काढला. त्यात लिनक्स होते. लिनक्सच्या परवान्याप्रमाणे त्याची मूळ संहिता ग्राहकांना देणे भाग होते. लोकांनी आग्रह धरला आणि २००३ मध्ये ती खुली झाली. तिच्यातूनच २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ उभे राहिले. ते आजही विनामूल्य मिळते.

पण २००५ साली त्याच राऊटरच्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने स्मृती निम्मी केली व लिनक्स काढून टाकले. नाव तेच, पोट निराळे!

हा धडा मी नुकसान सोसून शिकलो. तळाच्या चिठ्ठीवरील मॉडेल वाचले, आवृत्तीचा आकडा वाचला नाही. चुकीची फाईल भरली. दिवे पुन्हा लागले नाहीत. पुतणीला प्रवेशअर्ज शेजाऱ्यांकडे बसून भरावा लागला. वर्गात रोज ‘प्रश्न पूर्ण वाचा’ म्हणणारा मी मास्तर!

म्हणून सांगतो. मॉडेल व आवृत्ती दोन्ही ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत तपासा. आजच्या आवृत्तीसाठी किमान ८ एमबी फ्लॅश व ६४ एमबी रॅम लागते. दुप्पट असल्यास उत्तम. फाईल अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. राऊटर संगणकाला वायरने जोडा. काम चालू असताना वीज जाता कामा नये. इन्व्हर्टर नसेल तर थांबा. नंतर प्रथम पासवर्ड ठेवा, कारण सुरुवातीला तो नसतो. वायफायही बहुधा आपणच सुरू करावे लागते. इंटरनेट कंपनीने वापरायला दिलेल्या पेटीला मात्र हात लावू नका. ती आपली नव्हे.

पालकांना विनंती एवढीच : मुलाने विचारले तर रागावू नका. घरात पडून असलेला जुना राऊटर त्याच्या हाती द्या, चालू असलेला नको. तो बिघडला तरी मूल काहीतरी शिकेल.