एका तपासणीचे ऋण



हा विषय भरसभेत मांडावा की नाही, असा विचार आमच्याही मनात आला होता. पण ज्या दुखण्याविषयी घरात कोणी बोलत नाही, तेच दुखणे घर मोडते. म्हणून संकोच बाजूला ठेवून बोलतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सास्तूरला कोणी सांगायला नको. भूकंप सूचना देऊन येत नाही. आजच्या विषयाचा रोग मात्र तसा नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग, म्हणजे आपल्या बोलण्यातला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, बहुधा कित्येक वर्षे आधी खुणा दाखवतो. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, दुखतही नाहीत. अंगावरून जाऊ लागते तेव्हाही आपल्या आयाबहिणी ते अंगावरच काढतात. बाळंतपणे आटोपली की स्वतःला तपासून घ्यायचे कारण उरले, असे त्यांना वाटतच नाही.

या रोगाच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू आहे. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू आपोआप निघून जातो. थोड्यांच्या ठायी तो ठाण मांडतो आणि तेथील पेशी हळूहळू बिघडतात. त्या अवस्थेत सापडले, तर तेवढा भाग गोठवून किंवा काढून रोग टाळता येतो.

मग शोधायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर जगाला आपल्याच जिल्ह्याने दिले. ऑक्टोबर १९९९ मध्ये बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी येथे मोठा अभ्यास आरंभिला. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. समूहांची वाटणी चार गटांत केली. एका गटात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. प्रत्येक तपासणी एकदाच. चौथ्या गटाला माहिती दिली, पण तपासणी दिली नाही.

२००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणू-तपासणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या रोगाने गेल्या. चौथ्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले! उरलेल्या दोन गटांत असा ठळक फरक दिसला नाही. मात्र आम्लाची पाहणी निरुपयोगी म्हणता येत नाही. मुंबईच्या वस्त्यांत ती दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले.

आता त्या चौथ्या गटाकडे वळू. तपासणीने जीव वाचतात हे ठाऊक असताना या बायांना तशाच का ठेवले, अशी कडक टीका पुढे झाली. देशात खेड्यापाड्यांत तेव्हा तपासणी नव्हतीच, तेव्हा त्यांच्याजवळचे काही काढून घेतले नाही, असे समर्थनही झाले. आम्हांला दोन्ही बाजू कळतात. तरी ६४ हा आकडा आम्हांला स्वस्थ बसू देत नाही. तुलनेला त्या होत्या, म्हणूनच उत्तर मिळाले.

ते उत्तर दूरवर पोचले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूची तपासणीच पहिली पसंती ठरवली. सर्वसाधारणपणे तिशीनंतर, पाच ते दहा वर्षांच्या अंतराने. पुण्याच्या सीरम संस्थेची लसही आता उपलब्ध आहे. पण ती मुलींसाठी मुख्यतः. त्यांच्या आयांना तपासणीवाचून गत्यंतर नाही.

हे ज्ञान आपल्या जिल्ह्यातील स्त्रियांनी जगाला दिले आहे. ते आपल्याच उंबरठ्याशी अडले, तर दोष शास्त्राचा नव्हे. आज घरी गेल्यावर आपल्या आईला, पत्नीला, सुनेला एवढेच विचारा: तुझी तपासणी झाली आहे का? आणि नसेल, तर तिच्याबरोबर दवाखान्यात जा. ऋण फेडण्याची सुरुवात तेथूनच होईल.