जन्मवजन आणि वर्णद्वेष
(वार्षिक सभेत बालरोग विभागाच्या वतीने केलेले भाषण)



नवजात अर्भक कक्षासाठी आपण दिलेल्या साहाय्याचा तपशील अहवालात अन्यत्र आहे. त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आज आपले लक्ष वेधावयाचे आहे ते बालक त्या कक्षात येण्यापूर्वीच्या काळाकडे.

अमेरिकेत कृष्णवर्णीय मातांची बालके गौरवर्णीयांच्या बालकांहून हलकी जन्मतात, हे दीर्घकाळ ज्ञात होते. गरिबी आणि शिक्षण यांचा भाग वगळला तरी फरक उरत असे, आणि तो आनुवंशिक असावा असे अनेकांनी गृहीत धरले होते. शिकागोचे नवजात शिशुतज्ज्ञ रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स यांनी हे गृहीतक तपासले. इलिनॉय राज्यातील १९८० ते १९९५ या काळातील जन्मनोंदींवर आधारलेले त्यांचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत जन्मलेल्या गौरवर्णीय मातांच्या बालकांचे सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम होते. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बालकांचे ३,३३३ ग्रॅम, तर अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बालकांचे अवघे ३,०८९ ग्रॅम भरले. कारण केवळ रक्तात असते, तर आफ्रिकेतून आलेल्या मातांची बालके सर्वांत हलकी ठरावयास हवी होती.

मग कारण कोणते? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॉलिन्स व सहकाऱ्यांनी शिकागोतील कृष्णवर्णीय मातांनाच विचारले. दीड किलोहून कमी वजनाची बालके झालेल्या १०४ माता आणि पूर्ण दिवसांची, पुरेशा वजनाची बालके झालेल्या २०८ माता त्यात होत्या. नोकरी मिळवताना, कामावर, शाळेत, उपचार घेताना, दुकानात वा उपाहारगृहात वर्णामुळे अपमान वाट्याला आला काय, हा प्रश्न होता. आयुष्यात तीन वा अधिक ठिकाणी असा अनुभव आलेल्यांमध्ये अत्यल्प वजनाच्या बालकाची शक्यता सुमारे अडीच पट आढळली. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे आम्ही वैद्य म्हणून आवर्जून सांगू. तथापि वर्षानुवर्षांच्या ताणाने शरीरातील संप्रेरकांचा तोल बिघडतो आणि प्रसूती अकाली होऊ शकते, हे स्पष्टीकरण वैद्यकशास्त्राला परके नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये वर्णद्वेषाचा बालआरोग्यावरील परिणाम धोरणपत्रकातच नमूद केला.

शिकागोचे आकडे आपल्याकडील जातीला जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे. परंतु अपमानाचा परिणाम आपल्याकडेही मोजला गेला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांच्या उत्तर प्रदेशातील प्रयोगात, मुलांची जात सर्वांसमक्ष जाहीर करताच तथाकथित खालच्या जातींतील मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या घटली. तत्पूर्वी ती मुले इतरांच्या बरोबरीने कोडी सोडवत होती.

प्रसूतीसाठी येणाऱ्या मातेचे हिमोग्लोबिन आम्ही नोंदवतो. नोंदणीच्या खिडकीशी तिला ‘अहो’ म्हटले गेले की ‘ए’, हे मात्र कोणत्याही कागदावर उतरत नाही. आमच्या मते ते उतरावयास हवे. पाड्यावरून आलेली स्त्री हे परिचारिकेला सांगणार नाही, कारण तिचे बाळ त्याच परिचारिकेच्या हाती असते. म्हणून हे विचारणारी व्यक्ती कक्षाबाहेरची, तिची बोली जाणणारी असावी, आणि विचारणा घरी जाताना व्हावी. अशा एका वैद्यकीय समाजसेविकेचे तीन वर्षांचे वेतन उभे करावे, एवढीच यंदा आमची आपणाकडे मागणी आहे. यंत्रसामग्रीसाठी या वर्षी आम्ही काहीही मागत नाही.