सूर्यासाठी आणि ताऱ्यांसाठी एकच दुर्बीण

रावेत येथे राहणाऱ्या एका गृहस्थांनी मला मध्यंतरी प्रश्न केला. त्यांच्या कन्येस दिवसा सूर्याची व रात्री चंद्र-ताऱ्यांची छायाचित्रे घ्यावयाची आहेत. पैसा मात्र एकाच दुर्बिणीपुरता आहे. कोणती घ्यावी?

ही दोन्ही कामे परस्परविरुद्ध आहेत. रात्री प्रकाशाचे दुर्भिक्ष असते, म्हणून दुर्बिणीचे तोंड मोठे हवे. दिवसा तोच प्रकाश इतका असतो की, लाखातला एक भाग ठेवून बाकीचा बाहेरच अडवावा लागतो.

पुण्याने हे दोन्ही उद्योग पाहिले आहेत. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत, १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची वीस इंची आरशाची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. वेधशाळेचे प्रमुख कावसजी नायगामवाला हे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी यंत्रे घेऊन सोलापूरकडील जेऊर येथे गेले. खग्रास स्थिती उणीपुरी दोन मिनिटे! वीस इंची दुर्बीण काही कोणी सहज उचलून माळावर नेत नाही. सूर्यासाठी आटोपशीर साधनच सोयीचे.

म्हणून माझा सल्ला असा, की निवड सूर्याच्या मर्यादेने करावी. उन्हाने तापलेली हवा दिवसा थरथरत असते; त्यामुळे मोठ्या भिंगाची सूक्ष्मता बहुधा वाया जाते. ८० मिलिमीटर व्यासाचे भिंग सुमारे दीड विकलेचा तपशील दाखविते, आणि दिवसाची हवा याहून अधिक क्वचितच देते. नाभ्यंतर सुमारे ५६० मिलिमीटर असल्यास सूर्याची प्रतिमा पाच मिलिमीटरची उमटते. आकाशात चंद्रही तेवढाच दिसत असल्याने एकाच कॅमेऱ्यात दोन्ही बिंबे पूर्ण मावतात. भिंग मात्र कमी वर्णदोषाचे घ्यावे, नाहीतर चंद्राच्या कडेस जांभळी झालर येते.

सूर्याच्या कडेवरील ज्वाला दाखविणाऱ्या, हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशाच्या खास दुर्बिणी मिळतात. पण रात्री त्या निरुपयोगी होत. उलट या लहान भिंगातून शनीची कडी, कृत्तिका आणि मृगातील तेजोमेघ दिसतात. रावेतच्या आकाशात पिंपरी-चिंचवडच्या दिव्यांचा उजेड पसरलेला असतो, आणि मोठे तोंड ताऱ्यांबरोबर तो उजेडही गोळा करते. अंधूक तेजोमेघांचा लोभ येथे सोडलेला बरा.

आसन ध्रुवाकडे रोखलेले व यंत्राने फिरणारे हवे; रावेतला त्याचा अक्ष क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर ठेवावा. सूर्याचे छायाचित्र गच्ची तापण्यापूर्वी, सकाळीच घ्यावे. बंधाऱ्यामुळे पवनेचे पाणी जेथे पसरले आहे, त्या बाजूची हवा अधिक स्थिर सापडेल. उदयपूरची सौर वेधशाळा तलावातील बेटावर उभारली, ती याचसाठी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सूर्याचा फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, भिंगाच्या पुढे, घट्ट बसवावा. नेत्रिकेत बसणारा कधीही वापरू नये, कारण तो उष्णतेने तडकतो. वापरण्यापूर्वी फिल्टर प्रत्येक वेळी उजेडापुढे धरून त्यास छिद्र नाही ना, हे पाहावे. एकदा मी मुख्य दुर्बिणीवर फिल्टर चढविला, पण बाजूच्या छोट्या शोधक दुर्बिणीचे झाकण लावावयाचे विसरलो. जळका वास आला तेव्हा पाहतो तो सदऱ्याच्या बाहीस भोक पडलेले! तेथे बाहीऐवजी डोळा असता तर? नेत्रपटलास वेदना जाणवत नाही. दृष्टी गेल्यावरच कळते. म्हणून सूर्य पाहताना शोधक काढूनच ठेवावा, आणि दुर्बिणीजवळ मुलांस एकटे सोडू नये.

१९१२ साली नायगामवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद पडली आणि ती थोर दुर्बीण कोडाईकनालला गेली. यंत्र कितीही मोठे असले तरी ते चालविणारा हात हवा. रोज गच्चीवर नेता येईल अशी लहान दुर्बीण त्या मुलीला द्यावी. २ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. तोवर तिचा हात बसलेला असेल.