हरणाऱ्या संघाच्या गॅलरीतून

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, कोल्हापूर, जानेवारी २०२५. दहावी १९९६च्या तुकडीतर्फे केलेले भाषण.)



संयोजकांनी मला ‘अमेरिकेतील अनुभव’ असा विषय दिला होता. त्यावर बोलणारे आज चौघेजण आहेत, म्हणून मी फुटबॉलवर बोलणार आहे. कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की लगेच कोण कुठल्या तालमीचं ते बघितलं जातं. माझे वडील कुठल्या तालमीचे होते ते मी सांगणार नाही, नाहीतर मेळावा इथेच आटोपेल. ते शाहू स्टेडियमवरून परत आले की जिन्यावरच्या पावलांवरून आम्हाला निकाल कळायचा. संघ हरलेला असला की आई काही न विचारता आमटी पुन्हा गरम करायला ठेवायची.

मी सांगतेय तो मात्र अमेरिकन फुटबॉल. त्यात पायाचं काम कमी, हाताचं आणि खांद्याचं जास्त. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना मिळतो. कबड्डीत आपण रेषेसाठी मरतो, तसं हे लोक यार्डासाठी मरतात. आणि हा खेळ तिकडे कॉलेजच्या मुलांचा असला तरी बघायला अख्खं गाव लोटतं. आम्ही इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनला राहतो. तिथल्या इंडियाना विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये पन्नास हजारांच्या वर माणसं बसतात.

म्हणजे बसू शकतात. आम्ही जायला लागलो तेव्हा बसत नव्हती. हे विद्यापीठ बास्केटबॉलचं, पाच वेळा राष्ट्रीय विजेतं. फुटबॉलमध्ये मात्र देशातल्या मोठ्या कॉलेजांत सर्वाधिक सामने हरलेला संघ अशी त्याची ख्याती होती. १८८७पासून खेळतात, पण एका हंगामात दहा विजय कधी मिळाले नव्हते. २०२१मध्ये दोन जिंकले, दहा हरले. पुढच्या वर्षी चार आणि आठ. २०२३मध्ये तीन आणि नऊ. आम्ही जायचो कारण तिकीट स्वस्त मिळायचं आणि मुलाला बँड आवडायचा. मध्यंतरानंतर गॅलरी रिकामी व्हायची. आम्हीही तिसऱ्या डावात उठायचो, पार्किंगमधून गाडी लवकर निघावी म्हणून. हरल्याचं दुःख? छे. रविवारी सकाळी आठवायचंसुद्धा नाही.

आता थोडं माझं. २०२३मध्ये आमच्या कंपनीत नवे साहेब आले. येताना त्यांनी आपली जुनी माणसं बरोबर आणली, आणि आमच्या टीममधल्या पाचजणांना निरोप मिळाला. त्यात मी एक. अकरा वर्षं मी तिथला कोड लिहिला होता. कुठली ओळ का लिहिली आहे हे विचारायला तरी ते फोन करतील असं वाटायचं. कुणी केला नाही. सात महिने घरी होते.

मी घरी असतानाच, नोव्हेंबरच्या शेवटी, बातमी आली की फुटबॉल संघाला नवा प्रशिक्षक मिळाला. कर्ट सिग्नेटी, वय बासष्ट. पत्रकारांनी विचारलं, खेळाडूंना तुमच्यावर विश्वास ठेवायला कसं सांगता? तर म्हणाला, सोपं आहे, मी जिंकतो, गूगल करा. मुलगा खूश. मी खरंच गूगल केलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर या माणसाने अलाबामासारख्या बलाढ्य संघातली नोकरी सोडून एका लहानशा कॉलेजात मुख्य प्रशिक्षकपद घेतलं होतं. ते मला आवडलं. पुढचं आवडलं नाही. आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून तो तेरा खेळाडू बरोबर घेऊन आला. बाहेरून आणखी आणले, आणि इथले बरेच जुने सोडून गेले. तिकडे आता खेळाडूला कॉलेज बदलणं सोपं झालंय. मी मुलाला म्हटलं, “हे तर आमच्या साहेबासारखंच झालं.” या वर्षी सामने बघणार नाही, असंही जाहीर केलं.

किती टिकलं? सप्टेंबरपर्यंत. तोवर मला दुसरी नोकरीही लागली होती. हंगामाआधी पत्रकारांनी अठरा संघांत आम्हाला सतरावं धरलं होतं. आणि आम्ही जिंकत सुटलो. नेब्रास्काला ५६-७. त्या सामन्यात क्वार्टरबॅक कर्टिस रोर्कचा अंगठा दुखावला, तर पुढचा सामना राखीव खेळाडूने काढून दिला. हा रोर्क सबंध हंगाम गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना खेळला, हे आता या महिन्यात उघड झालंय.

नऊ नोव्हेंबरला मिशिगन आले. आदल्या वर्षीचे राष्ट्रीय विजेते. मध्यंतराला आम्ही १७-३ पुढे होतो आणि नंतर आमचं काही चालेना. १७-१५ झालं. माझ्या शेजारी एक आजोबा बसतात, वर्षानुवर्षं तेच आसन. ते खाली मान घालून बसले, बघेनात. मीच त्यांना यार्ड सांगत होते. २०-१५ने जिंकलो. दहापैकी दहा. आजोबा उठून उभे राहिले आणि निघायचं नावच घेईनात.

त्या गोंधळात मी मुलाला विचारलं, “सोडून गेली ती मुलं कुठे असतील रे आता?” तो म्हणाला, “आई, आजच्या दिवशी तू हे काय काढतेस?” त्याचंही बरोबर होतं. पण मी मैदानावर माइक कॅटिकला शोधत होते. हा सेंटर, म्हणजे मधोमध वाकून चेंडू मागे देणारा गडी. तो २०१९पासून इथेच होता. दोन-दहा, चार-आठ, तीन-नऊ, सगळं त्याने अंगावर घेतलंय. नव्या साहेबाने त्याला ठेवलं. माझ्या रागाचं एवढ्याने समाधान झालं असं नाही. अजूनही नाही. पण टाळ्या वाजवताना हात आखडले नाहीत, हेही खरं.

पुढे ओहायो स्टेटकडून ३८-१५ हरलो. शेजारच्या पर्ड्यूला मात्र ६६-० मारलं. पर्ड्यू म्हणजे आमची समोरची तालीम, तेव्हा तुम्ही काय ते समजून घ्या.

मग वीस डिसेंबर. बाद फेरीचा पहिलाच सामना, आमच्याच राज्यातल्या नोत्र दामशी, त्यांच्या मैदानावर. घरी टीव्हीवर बघितला. शेवटची दीड-दोन मिनिटं उरेपर्यंत २७-३ होतं. अखेरीस आम्ही दोन टचडाऊन केले, २७-१७ झालं, पण सामना केव्हाच गेला होता. तीन-नऊच्या वर्षी बँडबरोबर नाचत घरी येणारा माझा मुलगा उठला आणि जिन्याने वर गेला. सोळा वर्षांचा आहे. पावलं ऐकली.

मी काही विचारलं नाही. उठले, आणि आमटी गरम करायला ठेवली.