उचल आणि वेठ



आषाढात घरातला दाणा संपतो, तेव्हाच वीटभट्टीचा मुकादम पाड्यात येतो. त्या दिवसांत त्याच्याइतकं गोड कोणी बोलत नाही. उचल देतो. दिवाळीनंतर आपण पोरांसकट भट्टीवर. हातात फक्त खर्ची. विटांचा हिशोब शेठच्या वहीत. पावसाच्या तोंडावर कळतं, उचल फिटलीच नाही. पळालो तर मार.

आपले आजे लग्नाच्या कर्जापायी लग्नगडी होते. 1945 ला ठाणे जिल्ह्यात वारली लाल बावट्याखाली उठले, लग्नगडी मोकळे केले. मग ही उचल काय वेगळी? आम्ही तिलाही वेठच म्हणतो.

1976 चा कायदा आहे. वेठीचं कर्ज रद्द. 'हे कर्ज वेठीचं नाही' हे शेठने सिद्ध करायचं, आपण नाही. त्याला 3 वर्षांपर्यंत कैद. प्रांतसाहेब विचारतील, "उचल घेतली होती ना?" घेतली होती, असंच सांगायचं. मुक्तीचा दाखला मागायचा.

यंदा कोणी किती उचल घेतली, भट्टी कुठली, हे पाड्याच्या वहीत लिहू. आणि प्रत्येक घरात एक माणूस मागे ठेवू. आपण भट्टीवर असतानाच प्लॉटची पाहणी होते, नि जमीन पडीक लिहितात.